मण्यार, फवारणीचं औषध आणि निओस्टिग्मिन : एका जोडाचा इतिहास

पावसाळ्यात डबरा-भितरवारच्या भातपट्ट्यातून ग्वाल्हेरला दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. एकाला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार, म्हणजे इकडची करैत, चावलेली असते. दुसऱ्याच्या पोटात फवारणीचं औषध गेलेलं असतं. श्वास दोघांचाही अडकू शकतो, आणि दोन्ही विषांचा एक मोठा घाव एकाच ठिकाणी बसतो : चेतातंतू स्नायूला भेटतो त्या जोडावर. तरीही सर्पदंशात डॉक्टर जे निओस्टिग्मिन नावाचं औषध देऊन बघतात, तेच दुसऱ्याला टोचलं तर त्याच्या विषात भरच पडेल.

या जोडाचा शोध लागला तोच मुळी विषांमुळे. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाला क्युरारे नावाचं विष लावत. 1814 मध्ये चार्ल्स वॉटरटन यांनी लंडनमध्ये एका गाढवीला ते टोचलं, ती निपचित पडल्यावर तिची श्वासनलिका उघडून भात्याने हवा भरली, आणि गाढवी उठून उभी राहिली. पुढे बरीच वर्षं जगलीही. म्हणजे हृदय शाबूत होतं, बंद पडला होता तो श्वास. मग क्लोद बर्नार यांनी बेडकावर प्रयोग केले. क्युरारे दिलेल्या बेडकाच्या चेतातंतूला विजेचा झटका दिला तर पाय हलत नसे, थेट स्नायूला दिला तर आखडत असे. बर्नार यांनी दोष चेतातंतूवरच ठेवला. खरी जागा त्या दोघांच्या मधली आहे, हे व्हुल्पियाँ यांनी नंतर मांडलं.

त्या जागी निरोप पोचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. हेन्री डेल यांनी त्याचे गुणधर्म 1914 मध्ये तपासले, ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर रासायनिक निरोपाचा पुरावा दिला. स्नायूंच्या बाबतीतही तेच खरं आहे, हे डेल आणि सहकाऱ्यांनी 1936 मध्ये दाखवलं. चेतातंतूच्या टोकातून हे रसायन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूवर, बसतं आणि लगेच कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. क्युरारे ग्राहीवर ठाण मांडून बसतं, त्यामुळे निरोप आला तरी घेणारं कुणी नसतं.

इतिहासाचा मला सर्वांत आवडणारा भाग यानंतरचा. आफ्रिकेतल्या कॅलाबारकडे संशयिताला एक विषारी बी खायला लावत. ओकून टाकली तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. याच बीमधल्या फायसोस्टिग्मिनने क्युरारेचा असर उतरतो, हे याकोब पाल यांनी 1900 मध्ये नोंदवलं होतं. 1934 मध्ये लंडनमधल्या ग्रिनिचच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांच्याकडे मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची एक रुग्ण होती. पापण्या मिटलेल्या, गिळणं अवघड. हे सगळं क्युरारेच्या विषबाधेसारखंच दिसतं, मग उताराही तोच का चालू नये, असा सरळ विचार त्यांनी केला. इंजेक्शननंतर पापण्या उचलल्या गेल्या आणि काही तासांनी पुन्हा खाली आल्या. विकर अडवलं की अ‍ॅसिटिलकोलीन जास्त वेळ टिकतं, एवढीच त्यातली युक्ती. निओस्टिग्मिन हा याच फायसोस्टिग्मिनचा प्रयोगशाळेत घडवलेला भाऊबंद.

तीच युक्ती जर्मनीत उलट्या दिशेने गेली. कीटकनाशक शोधताना गेरहार्ड श्राडर यांनी 1936 मध्ये टाबून हे पुढे रासायनिक शस्त्र ठरलेलं विष बनवलं. थोडं सांडलं तर डोळ्यांतल्या बाहुल्या आकसल्या आणि धाप लागली. पुढे त्याच जातीचं सारिन. शेतात वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक याच ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातलं. ही रसायनं विकराला चिकटतात आणि काही काळाने ती पकड पक्की होते. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं, आणि निओस्टिग्मिन त्यात भरच घालतं. ग्वाल्हेरला हे घराणं परकं नाही. 1947 मध्ये सुरू झालेल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून पुढे संरक्षण खात्याची डीआरडीई ही संशोधन संस्था उभी राहिली, तिचा विषयच रासायनिक आणि जैविक शस्त्रांपासून बचाव. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांना ही चार अक्षरं पाठ असतात. आत काय चालतं ते विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

मण्यारीचं कोडं तैवानमध्ये उलगडलं. तिथल्या मण्यारीच्या विषातून चँग आणि ली यांनी 1963 मध्ये दोन वेगळी विषं काढली : अल्फा-बंगारोटॉक्सिन ग्राहीला धरून बसतं, बीटा चेतातंतूच्या टोकावरच घाला घालतं. आपल्याकडच्या मण्यारीच्या दंशात हा दुसरा प्रकार भारी पडतो. टोकच निकामी झालं, तर निओस्टिग्मिन टिकवणार काय? नागाचं विष मात्र मुख्यतः ग्राहीला धरतं. म्हणून ते औषध नागाच्या दंशात बऱ्यापैकी चालतं, मण्यारीत अनेकदा फुकट जातं. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष निपटतं, मोडलेलं टोक जोडत नाही. ते पुन्हा वाढेपर्यंत काही दिवस व्हेंटिलेटर, दुसरा इलाज नाही.

फवारणीच्या विषात अ‍ॅट्रोपिन लाळ आणि छातीतला स्राव आवरतं, मंदावलेलं हृदय सावरतं. स्नायूच्या जोडाला मात्र ते शिवतही नाही. त्यामुळे रुग्ण पहिल्या दिवशी सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत त्याचे श्वासाचे स्नायू गळतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं. तेव्हापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या फेरीत रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगतात. ती उचलता आली नाही, तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी आधीच करून ठेवतात.