फ्लुइड वॉर्मरची लीकेज चाचणी: १० मायक्रोअँपिअरची मर्यादा आली कुठून?

रक्तपेढीतले रक्त साधारण ४ अंश सेल्सिअसला साठवलेले असते. ते तसेच गार आणि भराभर चढवले तर हृदय बंद पडू शकते, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या बॉयन आणि हाउलँड या भूलतज्ज्ञांनी १९६३ मध्ये आकड्यांनिशी मांडले. मिनिटाला ५० मिली किंवा अधिक वेगाने ३ लिटर वा त्याहून जास्त रक्त दिलेल्यांपैकी, गार रक्त मिळालेल्या ३६ जणांत २१ जणांचे हृदय थांबले. गरम करून दिलेल्या ११८ जणांत ८ जणांचे. गरम करण्याची रीत साधी होती: नळीचे वेटोळे ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायचे. रक्त किंवा सलाईन असे गरम करून देणारे यंत्र म्हणजे फ्लुइड वॉर्मर. पुढे पाण्याच्या जागी तापत्या धातूच्या पट्ट्याही आल्या, आणि हीटर व शिरेत जाणारा द्रव यांच्यात उरली फक्त प्लॅस्टिकची पातळ भिंत. यंत्रातून अशी नको तिथे झिरपणारी वीज म्हणजे लीकेज, गळती.

त्याच दशकात हृदयापर्यंत जाणाऱ्या कॅथेटरांचा (शिरेतून सरकवलेल्या बारीक नळ्यांचा) आणि पेसमेकरच्या तारांचा वापर वाढत होता. हातात धरलेली तार पुरुषाला सोडता येईनाशी व्हायला सरासरी १६ मिलिअँपिअर लागतात, हे कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स डॅलझील यांनी आधीच मोजले होते. थेट हृदयात मात्र, कुत्र्यांवरच्या प्रयोगांत, २० मायक्रोअँपिअरही (मिलिअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोअँपिअर) घातक ठरले. अमेरिकेत दरवर्षी १,२०० रुग्ण रुग्णालयात विजेने मरतात, असा दावा तेव्हा झाला आणि १९७१ मध्ये ग्राहकहक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी तो घराघरांत पोहोचवला. त्या आकड्याला ठोस आधार कधी मिळाला नाही, पण धोका खरा होता. वैद्यकीय विद्युत यंत्रांच्या सुरक्षेसाठीच्या, १९७७ च्या आयईसी ६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या भागांसाठी ‘सीएफ’ हा वर्ग आला: रुग्णाकडे जाणारी गळती नेहमीच्या स्थितीत फार तर १० मायक्रोअँपिअर, एक बिघाड असताना ५०. भारतात त्याच मानकमालेचा स्वीकार आयएस १३४५० या नावाने झाला आहे.

वॉर्मरला हे का लागू पडते, ते हिशेबाने पटते. ०.९ टक्के सलाईनने भरलेल्या, ३ मिमी आतल्या व्यासाच्या १ मीटर नळीचा रोध सुमारे ९५ किलोओहम. तिच्या एका टोकाला २३० व्होल्ट पोहोचले तर साधारण २.४ मिलिअँपिअर वाहतील, म्हणजे मर्यादेच्या २४० पट. ड्रिप चेंबरमधली हवा द्रवाचा धागा तोडते खरी, पण वॉर्मर चेंबरच्या खाली, रुग्णाच्या बाजूला बसतो. तिथून सेंट्रल लाइनपर्यंत, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत टोक असलेल्या नळीपर्यंत, सलग द्रवच असतो. सलाईन इथे तारेचेच काम करते.

म्हणून कोरडा सेट (द्रव वाहून नेणारी नळी) लावून घेतलेली चाचणी निरुपयोगी. आकडा शून्याजवळ येतो आणि यंत्र सहज पास होते. सेट ०.९ टक्के सलाईनने भरावा, बुडबुडे काढावेत, रुग्णाकडच्या टोकाला द्रवात धातूचा इलेक्ट्रोड बुडवून तो गळती मोजणाऱ्या सेफ्टी अ‍ॅनालायझरच्या अप्लाइड पार्टच्या (रुग्णाशी जोडल्या जाणाऱ्या भागाच्या) जागी जोडावा. मोजणी दोनदा करावी, एकदा गार असताना आणि एकदा ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावर, कारण तापल्यावर इन्सुलेशनचा रोध उतरतो. तापमान गाठले की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, तेव्हा गरम मोजणीतही हीटर चालू असतानाचाच आकडा धरावा. फेज-न्यूट्रल उलटवून आणि अर्थ तोडूनही मोजावे.

त्याच आयईसी मानकाच्या २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीत अर्थमधून जाणाऱ्या गळतीची नेहमीच्या स्थितीतली मर्यादा ५०० मायक्रोअँपिअरवरून ५ मिलिअँपिअरवर गेली. रुग्णाकडे जाणाऱ्या गळतीचे १० आणि ५० तसेच राहिले. हा फरक न कळल्याने जुना तक्ता वापरून चांगली यंत्रे बाद केली जातात. रुग्णालयातल्या नियमित तपासणीसाठी २००७ पासून वेगळे मानक आहे, आयईसी ६२३५३. त्यात केबलसह अर्थचा रोध ०.३ ओहमपर्यंत चालतो, मात्र मोजताना केबल वाकवत राहावे. तुटत आलेली अर्थची तार स्थिर केबलमध्ये लपून राहते.

पाण्याच्या वॉर्मरमधल्या नळीदार हीटरमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती हवेतली ओल शोषते. कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या यंत्राची गळती वाढलेली दिसली, तर ते पाणी भरून तापवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा उतरला तर ओल होती. तसाच राहिला तर हीटर बदलावा.