समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलातला मुक्काम (मराठवाड्यातील प्रवाशांचा)

समुद्रकाठच्या जुन्या हॉटेलातला मुक्काम : किनाऱ्याला लागून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी बांधलेल्या, खाऱ्या वाऱ्याने झिजलेल्या पण अजून चालू असलेल्या हॉटेलात दोन-तीन रात्री राहण्याचा प्रघात. या नोंदीत तो मराठवाड्यातून जाणाऱ्या प्रवाशांच्या अंगाने पाहिला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठही जिल्ह्यांना किनारा नाही. पुण्याच्या माणसाला हॉटेल पटले नाही तर तो चार शिव्या घालून गाडी काढतो आणि रात्री घरी झोपतो. रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या नांदेडकराला ती सोय नाही. भिंतीचे पोपडे मोजत का होईना, त्याला मुक्काम पुरा करावाच लागतो. म्हणून या हॉटेलांची खरी पारख करायची तर त्याची साक्ष काढावी.

समुद्र मराठवाड्याला अनोळखी कधीच नव्हता, लांब मात्र होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही पेठा आल्या आहेत. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा तो हिशेब आहे. इथला माल गाड्यांतून आडवाटेने बंदरावर जाई. माल समुद्रापर्यंत पोचला, माणसे बहुतेक मागेच राहिली. पुढे निझामाचे हैदराबाद संस्थान चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आणि विशेषतः १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर त्याला ‘आपला’ म्हणावा असा किनारा मिळाला. पैठणच्या जायकवाडी जलाशयाला नाथसागर म्हणतात, यात एकनाथांची आठवण आहे तशी समुद्राची हौसही थोडीफार असावी.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या पिढ्या आहेत. कोलंबोचे गॉल फेस हॉटेल १८६४ चे, तर पुरीचे बंगाल-नागपूर रेल्वेचे हॉटेल १९२५ चे. स्वातंत्र्यानंतर केरळात कोवळमला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारावर उतरत जाणारे सरकारी हॉटेल रचले. गोव्यात १९७४ मध्ये ताज समूहाचे फोर्ट अग्वाद उघडले आणि १९८३ मध्ये राष्ट्रकुलातील देशांचे शासनप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ चे; गणपतीपुळे, हरिहरेश्वर, तारकर्ली इथली त्याची निवासस्थाने कित्येक मराठी कुटुंबांच्या पहिल्या समुद्रदर्शनाशी जोडलेली आहेत. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्या सुमारास खासगी दुमजली-तिमजली हॉटेले उगवली. मराठवाड्याच्या प्रवाशाची गाठ पडते ती बहुधा या शेवटच्या पिढीशी. पाटीवर ‘सी-व्ह्यू’, दारात शंखाच्या आकाराचे कारंजे, आणि कारंजे बंद.

जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन. नांदेड-लातूर-धाराशिवकडचे लोक तुळजापूर, सोलापूर, पंढरपूर, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरीला उतरतात. रत्नागिरी-नागपूर महामार्गाची रेघ साधारण हीच आहे आणि देवदर्शनही वाटेवरच होते. संभाजीनगर-जालन्याकडचे पुणे गाठून ताम्हिणी घाटाने दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे जातात. शिक्षक आणि सरकारी नोकर मे महिन्यात निघतात, व्यापारी दिवाळीनंतर, नवी जोडपी मुहूर्तांच्या मागोमाग. कापूस-सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी बसच्या मागच्या सीट रिकाम्या जातात.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढतात आणि भिंत, गज, कडी, बिजागरी अशा मिळेल त्या गोष्टीवर बसतात. मीठ हवेतले पाणी ओढून घेते. सापेक्ष आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या आसपास गेली की ते विरघळूच लागते, म्हणून किनाऱ्यावरची भिंत पाऊस नसतानाही हाताला चिकट लागते. खरे नुकसान आत होते. काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे त्यातल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. मिठातले क्लोराइड आत झिरपले की हा थर तुटतो आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो फुगला की काँक्रीटला आधी सळईच्या रेषेत तडा जातो, मग खपली सुटते. स्लॅबखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया दिसतात त्या यामुळे. सळईवर काँक्रीटचे किती आवरण हवे, ते आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात दिले आहे. कोरड्या, सुरक्षित जागी २० मिलिमीटर चालतात, उघड्या किनारी हवेत ४५ लागतात आणि लाटेचे तुषार थेट येत असतील तर ५०. घाटावरचा ठेकेदार सवयीने २० वर भागवून गेला असेल, तर त्याचा हिशेब वीस वर्षांनी छत सांगते.

मराठवाड्याच्या माणसाला क्षार नवे नाहीत. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल पापुद्र्यांनी भरते, नळाची चाळणी महिन्याला सुईने उघडावी लागते. घरी मात्र क्षार पाण्यात असतात. इथे ते हवेत असतात, आणि हवा काही गाळून घेता येत नाही. एसीच्या बाहेरच्या पेटीत तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकमेकांना लागून असतात. खारट ओलाव्यात या दोन धातूंची जोडी विजेच्या सेलसारखी वागते आणि ॲल्युमिनियम आपला बळी देते. पत्र्यांची पांढरी भुकटी होते, थंडावा घटतो. रिमोटच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात, कुलपाची किल्ली अर्धीच फिरते. याला मॅनेजर जबाबदार असतो, पण लोक समजतात तेवढा नाही.

कूलरचीही अशीच फसगत. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या गार वाऱ्यावर वाढलेला माणूस कोकणच्या तेहेतीस-चौतीस अंशांना हसतो आणि पहिल्याच दुपारी घामाने निथळतो. कूलर पाणी उडवून गारवा देतो. हवाच पाण्याने भरलेली असेल तर उडणार काय? शरीराचा घामही त्याच कारणाने वाळत नाही. नांदेडच्या गच्चीवर अर्ध्या तासात कडकडीत होणारा टॉवेल इथे दुसऱ्या दिवशीही दमट राहतो, सोबतच्या पापडाचे कातडे होते, टेबलावरच्या मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात.

या सगळ्याला प्रवासी एकच शब्द वापरतात : ओल. ‘खोलीला ओल आहे’ ही जुन्या हॉटेलविषयीची सर्वांत सामान्य तक्रार. गंमत अशी, की हाच शब्द गावाकडे सर्वांत लाडका आहे. ‘चार बोटं ओल गेली का?’ हा जूनमधला पहिला प्रश्न. ओल असली की चाडे धरता येते, म्हणजे पेरणी करता येते; नसली की बी मातीत करपते. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी साधारण ६५० ते ७०० मिलिमीटरच्या घरातली, कोकणात ती २,५०० च्याही वर. एकाच राज्यात एका शब्दाच्या अशा दोन किमती आहेत. ज्येष्ठ मंडळी त्यामुळे या तक्रारीत फारशी सामील होत नाहीत. भिंतीवरचा हिरवट डाग बोटाने चाचपून ‘इथं काहीबी उगवल’ म्हणणारे आजोबा जवळपास प्रत्येक सहलीत एखादे असतात.

कोकणातल्या जुन्या घरांनी ओलीशी वेगळा व्यवहार केला होता. जांभ्याच्या जाड भिंती, उतरती कौले, खोल पडव्या, आणि पावसाळ्यात भिंतींना लावायची माडाची झापे. सपाट स्लॅब, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि लोखंडी कठडे हा घाटावरचा आणि शहरांचा आग्रह. पाहुण्यांना तेच ‘हॉटेलसारखे’ वाटते म्हणून मालकांनी तेच बांधले. आज झिजलेल्या इमारतींत या दुसऱ्या प्रकारच्या अधिक दिसतात.

मग लोक अशा जागी जातात कशाला? भाडे कमी, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे कायद्यात आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत नवे बांधकाम जवळजवळ थांबवले. अधिकृत जुन्या इमारतींना मूळ जोते आणि चटईक्षेत्र न वाढवता दुरुस्तीची मुभा राहिली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ही मर्यादा ५० मीटरांवर आणली. विरळ वस्तीत ती २०० च राहिली. परिणाम असा, की लाटेचा आवाज उशाशी ऐकू येणारी कायदेशीर खोली बऱ्याचदा जुन्या हॉटेलातच मिळते. नवे, चकचकीत हॉटेल रस्त्यापलीकडे मागे असते आणि तिथून ‘सी-व्ह्यू’ म्हणजे दोन माडांमधली निळी फट. पहिल्यांदाच समुद्र पाहायला आलेल्यासाठी या नोंदीच्या लेखकाचे मत जुन्या हॉटेलाच्या बाजूने आहे. दुसऱ्या खेपेला हवे ते करावे.

वादळांनी या झिजेचा वेग वाढवला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौले उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकले. टाळेबंदीत बंद राहिलेल्या खोल्यांचे हाल वेगळेच. वापरात नसलेली, हवा न खेळलेली खोली किनाऱ्यावर एका पावसाळ्यात कुबट होते.

सरावलेले प्रवासी पैसे देण्याआधी खोली बघायला मागतात. दार ओढून पाहतात. फुगलेले दार बसत नसेल तर खोली पावसाच्या तोंडाची. गादीचा कोपरा उचलून वास घेतात. छताकडे पाहतात आणि तांबूस रेघ दिसली तर पलंग तिच्याखालून सरकवून घेतात. वरचा मजला वाऱ्याला चांगला, पण गळका. खालचा कोरडा, पण डासांचा. मधला मजला असेल तर तो मागावा. पाली मोजू नयेत.

जेवणाचा प्रश्न वेगळा, आणि जास्त भांडणाचा. घरून दशम्या, धपाटे आणि शेंगांची चटणी आलेली असते; ती दुसऱ्या दिवशी संपली की ज्वारीच्या भाकरीचा शोध सुरू होतो. किनाऱ्यावर भात आणि तांदळाची भाकरी. ज्वारी मागितली की वेटर आत जाऊन विचारून येतो. गटात दोन-चार माळकरी असतातच. त्यांची भांडी वेगळी हवीत, आणि सुरमई तळलेल्या तव्यावर त्यांचे थालीपीठ चालणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. गोदावरीच्या मरळीवर वाढलेल्यांना बांगड्याचा वास उग्र वाटतो, सोलकढी मात्र सगळ्यांना चालते.

पोहण्याबाबत गंभीर इशारा आवश्यक आहे. मराठवाड्यात पोहणे शिकतात ते विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून. विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही. समुद्राचे पाणी ओढून नेते, विशेषतः ओहोटीला. पूर्ण भरतीची वेळ काढायला कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जागेप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून खात्री स्थानिकांकडूनच करावी. पंचांग खिशात बाळगणाऱ्या घरांत हा हिशेब दहा मिनिटांत पाठ होतो. खडकांत शिरू नये आणि संध्याकाळी ओहोटीत कमरेच्या पुढे जाऊ नये.

हंगाम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतो. हॉटेलवाले गच्चीवर निळी ताडपत्री चढवतात, बाहेरच्या खुर्च्या आत घेतात. उशिरा आलेला शेतकरी पाहुणा या दिवसांत फोनला चिकटलेला असतो, कारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विद्यापीठ दरवर्षी देते आणि गावाकडे तेवढा व्हायला कधी कधी जुलै उजाडतो. कोकणात एवढा पाऊस एका रात्रीत पडून जातो. सकाळी मॅनेजर वरच्या मजल्याच्या खोल्यांना कुलपे लावतो, ओल आली म्हणून.