अतिदक्षता विभागातील प्रतिजैविकांची निवड

अत्यवस्थ रुग्णाला जंतुसंसर्ग झाला असावा असे वाटल्यावर कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत व किती दिवस द्यायचे हे ठरवणे. खरी अडचण वेळेची. जंतू कोणता, तो कशाला दाद देतो हे कळायला दोन-तीन दिवस जातात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला (सेप्टिक शॉक) मात्र पहिला डोस तासाभरात मिळावा, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

त्यामुळे पहिली निवड अंदाजानेच होते, पण हवेतल्या नव्हे. संसर्ग फुप्फुसात की मूत्रमार्गात, रुग्ण थेट घरून आला की दुसऱ्या रुग्णालयात राहून, आधी कोणती औषधे झाली, हे विचारले जाते. त्या विभागातले जंतू कशाला दाद देतात याचा तक्ता, म्हणजे अँटिबायोग्राम, हाताशी लागतो. परदेशी पुस्तकातले उत्तर इथे बऱ्याचदा चुकते. भारतातल्या आयसीयूंमध्ये क्लेबसिएला व अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू मेरोपेनेम या प्रबळ प्रतिजैविकालाही अनेकदा जुमानत नाहीत. मग कोलिस्टिन काढावे लागते. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात अडगळीत गेलेले हे औषध. ते हातचे जाऊ नये म्हणून २०१९ मध्ये भारताने कोंबड्या-जनावरांना ते देण्यावर बंदी घातली.

मात्र महागडे औषध म्हणजे योग्य औषध, असे नाही. २०१८ मध्ये विदर्भात आढळला तसा स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असेल, तर मेरोपेनेम निरुपयोगी. जुनी, स्वस्त डॉक्सिसायक्लिन काम करते.

पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायचे असते: दोन वेगळ्या जागांहून, दर बाटलीत ८ ते १० मिली. ‘एवढं रक्त कशाला काढता?’ असे नातेवाईक विचारतात. पण कमी रक्तात जंतू निसटतो. पहिला डोस मूत्रपिंड बिघडलेले असले तरी सहसा पूर्ण देतात, कारण सलाइन व सूज यांमुळे औषध शरीरात पातळ होते. कपात पुढच्या डोसांत.

कल्चरचा रिपोर्ट आला की औषध बदलून नेमके, कमी व्याप्तीचे, म्हणजे मोजक्याच जंतूंवर चालणारे, करणे (डी-एस्कलेशन) हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा. रुग्ण सुधारत असतो, आणि चालू औषधाला हात लावायचे धाडस होत नाही. दिवसही असेच लांबतात. व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियाला बहुधा सात दिवस पुरतात. रक्तातल्या संसर्गातही सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांपेक्षा कमी पडत नाहीत, असे रुग्णांवर झालेल्या २०२४ च्या ‘बॅलन्स’ चाचणीत दिसले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे रुग्ण मात्र तिच्यातून वगळले होते.