‘सेट’: बसवण्यापासून संचापर्यंत

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, असं विचारलं की आजही हटकून ‘सेट’ हेच उत्तर मिळतं. ते आता जुनं झालं आहे. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची २० खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ नोंदलेले होते आणि ती एकटी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी शब्द नव्याने तपासले जाऊ लागले, तसा सर्वांत लांब नोंदीचा मान आधी ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’चे ६४५ अर्थ भरले, संपादक पीटर गिलिव्हर त्या एका क्रियापदावर नऊ महिने काम करत होते.

या आकड्यांनी घाबरून जायचं कारण नाही. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’, ‘सेट इन’ असे जोडप्रयोग आणि वापरातून केव्हाच गेलेले अर्थही याच हिशेबात धरलेले असतात. शिवाय एका कोशकाराला जिथे दोन अर्थ दिसतात तिथे दुसऱ्याला एकाच अर्थाच्या दोन छटा दिसतात, त्यामुळे कोश बदलला की आकडा बदलतो. आकड्यापेक्षा ‘सेट’चं मूळ कितीतरी अधिक उपयोगी आहे, आणि मराठी माणसाला ते सहज कळण्याजोगं आहे.

‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ म्हणजे बसवणं. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत ‘सित्तन’ आणि ‘सेत्तन’ अशी ही जोडी होती. अशा आणखी जोड्या इंग्रजीत उरल्या आहेत: ‘फॉल’ पडणं, तर ‘फेल’ (झाड) पाडणं; ‘ड्रिंक’ पिणं, तर ‘ड्रेंच’ पाजणं. ‘ड्रेंच’चा आजचा रोजचा अर्थ चिंब भिजवणं असा असला, तरी गुरांना औषध पाजण्यासाठी तोच शब्द अजून चालतो. ‘सिट’-‘सेट’चं मूळ त्याहून मागे इंडो-युरोपीय धातूपर्यंत जातं. संस्कृतातला ‘सद्’ तोच: सीदति म्हणजे बसतो, सादयति म्हणजे बसवतो. संसद, परिषद, सदन, सभासद हे शब्द त्याच घरातले. आपलं ‘बसणे’ मात्र उप + विश् पासून आलेलं, म्हणजे शब्द वेगळा. पण त्याची वाटचाल थेट ‘सेट’सारखीच झाली आहे.

कशी ते पाहा. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, कवितेला चाल बसवतात, खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवतात. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘सेट’. जिथे मराठी ‘बसवणे’ सोडते तिथे बहुधा ‘लावणे’ हाताशी येतं: घड्याळ लावणं, सापळा लावणं, गजर लावणं. पुन्हा ‘सेट’च. एखादी वस्तू तिच्या नेमक्या जागी आणून पक्की करायची, ही एकच कल्पना या सगळ्यांच्या तळाशी आहे.

कारागिरांच्या हातात ती आणखी बारीक झाली. करवतीला ‘सेट’ देणं म्हणजे तिचे दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवणं. त्यामुळे लाकडातला काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो आणि पातं मोकळं चालतं. सेट कमी पडला की पातं लाकडात आवळतं आणि तापतं. जास्त झाला की काप खडबडीत येतो आणि हात दमतो. एका बाजूचे दात जास्त वाकले तर करवत रेघ सोडून त्याच बाजूला ओढते. दाताचा फक्त वरचा निम्मा भाग वाकवायचा असतो. मुळातून वाकवला तर दात तुटतो. छापखान्यात ‘सेट’ म्हणजे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवणं. जुळारी कंपोझिंग स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या चौकटीत, अक्षरं उलटी ठेवत डावीकडून उजवीकडे ओळ भरायचा. दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी न घालता मजकूर जुळवला तर त्याला ‘सेट सॉलिड’ म्हणत.

सिमेंटचा ‘सेट’ वेगळा, कारण तिथे कोणी काही बसवत नाही, सिमेंट आपोआप सेट होतं. सेट होणं आणि कडक होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सेट होणं म्हणजे ओलसर लगद्याचा मऊपणा जाणं. ताकद त्यानंतर कित्येक दिवस वाढत राहते. सिमेंट केव्हा सेट झालं हे तपासायला लुई विका या फ्रेंच अभियंत्याच्या नावाची सुई वापरतात. तिचं टोक १ चौरस मिलिमीटरचं आणि लगद्याचा साचा ४० मिलिमीटर खोल असतो. सुरुवातीला सुई तळापर्यंत जाते. ती तळाच्या ५-६ मिलिमीटर वर अडकू लागली की सेट होण्याची सुरुवात झाली असं धरतात. पृष्ठभागात जवळजवळ शिरेनाशी झाली की सेट पूर्ण. सुरुवात झाल्यावर पाणी घालून माल पुन्हा मऊ करणं ही हमखास होणारी चूक. जुळू लागलेली बांधणी त्याने मोडते, पाण्याचं प्रमाणही वाढतं, आणि ताकद कायमची घटते.

सूर्यही असाच आपोआप ‘सेट’ होतो. सूर्यास्ताला जुन्या इंग्रजीत एक शब्द ‘सेत्लगँग’ असा होता, शब्दशः आसनाकडे जाणं. सूर्य दिवसभर चालून आपल्या जागी बसायला जातो, ही ती कल्पना.

भूतकाळाने मात्र शिकणाऱ्यांना फार छळलं आहे. जुन्या इंग्रजीत वर्तमान, भूत आणि धातुसाधित रूपं वेगळी होती. शेवटचे स्वर आणि प्रत्यय गळत गेले आणि तिन्ही ठिकाणी ‘सेट’ एवढंच उरलं. म्हणून ‘दे सेट द टेबल’ हे आज की काल, ते पुढच्या-मागच्या वाक्यावरूनच कळतं. ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर खूण मिळते: ‘सेट्स’ असेल तर वर्तमान, नुसतं ‘सेट’ असेल तर भूतकाळ.

आता दागिन्यांचा सेट, भांड्यांचा सेट, टेनिसमधला सेट. हे सगळं ‘बसवणे’मधून काढायला गेलं तर ओढाताण होते, कारण या नामात एक दुसरा शब्द मिसळला आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणं. त्यावरून ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा समूह. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘सेत’ झालं आणि इंग्रजीत आल्यावर ते आधीच्या ‘सेट’ला उच्चारात इतकं जवळचं निघालं की दोघांचे अर्थ एकमेकांत शिरले. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याचा सख्खा भाऊ. टेनिसच्या सेटमध्ये मागोमाग येण्याचा अर्थ अजून शाबूत आहे: एकामागून एक गेम, सहा जिंकले आणि दोनची आघाडी असली की सेट संपला. आघाडी मिळाली नाही तर काय होतं ते २०१० साली विम्बल्डनला दिसलं. तिथे पाचव्या सेटमध्ये टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणारा गेम, नव्हता. इस्नर आणि माहू या खेळाडूंमधला तो सेट ७०-६८ असा संपला.

गणितात हाच शब्द अगदी उलट टोकाला गेला. बोल्झानो आणि त्यांच्यानंतर कँटर या गणितज्ञांनी जर्मनमध्ये वापरलेल्या ‘मेंगे’ला इंग्रजीत ‘सेट’ म्हणू लागले, मराठीत संच. संचात क्रमाला किंमत नसते: १, २, ३ आणि ३, १, २ हा एकच संच, आणि तोच घटक दोनदा लिहिला तरी एकदाच धरतात. क्रम जपायचा असेल तर गणिती वेगळा शब्द घेतात, ‘सीक्वेन्स’. तोही ‘सेक्वी’वरूनच आलेला.