सकाळी साडेसहाचं फूल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर गेल्या हिवाळ्यात लाल भोपळ्याचा वेल निळ्या ड्रममधून उतरून पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळवण घालायला आल्या की रोज एकच विचारायच्या, "एवढी फुलं येतायत, मग भोपळा कुठाय?"

मुंबईत भोपळा लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. त्याचं पहिलं उत्तर सोपं आहे. सुरुवातीची सगळी फुलं नर असतात. लांब, सडपातळ देठावर उभं असतं ते नर फूल. मादी फुलाचा देठ आखूड आणि जाड असतो, आणि पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढा इवलासा भोपळा आधीच तयार दिसतो. नर फुलं आठ-दहा दिवस आधी येतात आणि संख्येनंही कितीतरी जास्त असतात. दिवस मोठा आणि हवा उष्ण असली की वेल नर फुलांकडेच झुकतो. गार रात्री आणि लहान दिवस मादी फुलांना मानवतात. म्हणून आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात बी टाकणं मला सर्वात योग्य वाटतं. जास्तीच्या नर फुलांची भजी करावी. वेलाचं काही बिघडत नाही.

खरी निराशा पुढे असते. मादी फूल येतं, खालचा गोळा दोन-तीन दिवस टवटवीत राहतो, मग पिवळा पडून गळतो. लोक लगेच खत वाढवतात. बहुतेक वेळा खताचा यात काही संबंध नसतो, कमी पडलेले असतात ते परागकण.

भोपळ्याचा परागकण वनस्पतीसृष्टीतल्या मोठ्या परागकणांपैकी एक आहे, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही मोठा. अंगावर काटे आणि वरून तेलकट, चिकट लेप. असा कण वाऱ्यावर उडत नाही, कुणीतरी उचलून न्यावा लागतो. लाल भोपळ्याच्या सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. तिथे भोपळ्याच्या फुलांवरच जगणाऱ्या खास मधमाश्या आहेत. त्या पहाट फुटता फुटता, फूल उमलतं त्याच वेळी कामाला लागतात. समुद्र ओलांडून बिया आपल्याकडे आल्या, त्या माश्या तिकडेच राहिल्या. इथे हे काम सातेरी, फुलोरी या आपल्याकडच्या मधमाश्या आणि मोठा काळा भुंगा करतो. पण सहाव्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत त्या पोचतातच असं नाही. आदल्या संध्याकाळी डासांसाठी धूर मारला असेल, तर आशा आणखी कमी. शिवाय वेळ थोडा असतो. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही.

म्हणून हे काम आपण करायचं. उद्या उमलणारी मादी कळी आदल्या संध्याकाळी ओळखता येते, तिचं टोक पिवळं-केशरी होतं. सकाळी साडेसहा-सातला ताजं नर फूल तोडावं, पाकळ्या सोलून टाकाव्यात आणि मधला पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा मादी फुलातल्या कुक्षीवर, म्हणजे मधोमध पराग धरणाऱ्या भागावर, हलक्या हाताने फिरवावा. कुक्षीचे सहसा तीन जोड-भाग असतात. प्रत्येकावर पराग लागलाच पाहिजे. एका मादीसाठी मी दोन-तीन नर फुलं वापरते.

इतका आग्रह कशासाठी? भोपळ्यात शेकडो बिया असतात आणि प्रत्येक बीसाठी वेगळा परागकण लागतो. कण कुक्षीवर रुजतो, त्यातून बारीक नलिका निघून बीजांडापर्यंत, म्हणजे ज्याचं पुढे बी होतं तिथवर, पोचते. वाढू लागलेल्या बियांमधून ऑक्सिन, जिबरेलिनसारखी संप्रेरकं निघतात, आणि त्यांच्याच सांगण्यावरून गर वाढतो, वेल आपली साखर त्या फळाकडे वळवतो. बिया थोड्या असल्या तर वेल ते फळ सोडून देतो. काही जण विचारतात, दुसऱ्या जातीचा पराग लावला तर याच भोपळ्याची चव बदलेल का? नाही. गर आणि साल आईची असते. बापाचा गुण बियांमध्ये जातो आणि पुढच्या वेलावर दिसतो.

स्पर्धेसाठी महाकाय भोपळे वाढवणारे याच कारणाने फुलं बांधून ठेवतात आणि कुठल्या वेलाचा पराग कुठे लावला याची वंशावळ लिहितात. त्यांची बहुतेक बियाणी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवडून घडवलेल्या 'अटलांटिक जायंट' या जातीची. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात असा एक भोपळा १,२४७ किलो भरला. २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी विक्रम जवळपास १,२७९ किलोंवर नेला. ऐन भरात असं फळ दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढतं आणि स्वतःच्या वजनानेच चपटं होत जातं. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला बसायला यात आरामात जागा होईल! एवढा अन्नरस येतो कुठून, हे संशोधकांनी तपासलं. या जातींत रस जास्त वेगाने वाहत नाही. रस वाहणाऱ्या नलिकाच जास्त असतात. त्यात वेलावर एकच फळ ठेवतात आणि पेरं मातीत दाबून नवी मुळं फोडतात.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये टनाचा भोपळा होणार नाही, पण एक वेल-एक फळ हे तत्त्व तिथेही लागू पडतं. पहिलं मादी फूल मी खुडते, वेलाला आधी पानं होऊ देते. फळ धरल्यावर त्याला कागदी पिशवी घालते, नाहीतर फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि आतून अळ्या पडतात. आणि पावसाळ्यात लावलाच असेल, तर उमलणाऱ्या फुलांवर आदल्या रात्री प्लास्टिकचं छप्पर हवं. भोपळ्याचा परागकण पाण्यात भिजला की पाणी शोषून फुटतो.

त्या हिवाळ्यात मात्र आमच्या वेलाला दोन भोपळे धरले. दुसऱ्या फुलाच्या वेळी मला उशीर झाला होता, फूल मिटत आलं होतं, पराग एकाच बाजूला नीट लागला. तो भोपळा एका अंगाने भरलेला, दुसऱ्या अंगाने खपाटीला गेलेला निघाला. घारग्यांसाठी काकूंनी तो विळीवर चिरला. भरलेल्या बाजूच्या बिया टपोऱ्या होत्या. खपाटीच्या बाजूच्या बिया बोटांनी दाबल्या, तर नुसती टरफलं.