रिकाम्या खणाची जुनी चिठ्ठी

फेब्रुवारी २०१८. वावरात हरभरा घाट्यावर आलेला, अन् आमच्या गावात सातबाराच्या प्रिंटा काढून देणाऱ्या पोराच्या संगणकावर रोज तीच खिडकी उघडायची: फ्लॅश प्लेअर अपडेट करा. फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ अन् खेळ चालवणारा प्रोग्राम. तो रोज फुलीवर टिचकी मारायचा. "लाइन गेली त अर्धवट राह्यते ना भाऊ, मंग करतो."

त्या महिन्यात मात्र काम खरंच तातडीचं होतं. ३१ जानेवारीला दक्षिण कोरियाच्या सायबर यंत्रणेने इशारा दिला होता. एक्सेलच्या तक्त्यात फ्लॅशची बारकीशी फाइल दडवून पाठवली जात होती. तक्ता उघडला की संगणक परक्याच्या ताब्यात. फ्लॅश बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने ६ फेब्रुवारीला दुरुस्ती दिली.

दोष होता फ्लॅशच्या व्हिडिओ प्लेअर सांभाळणाऱ्या भागात. समजा, तुम्ही सालदाराला चिठ्ठी दिली: 'कोठ्यातल्या तिसऱ्या खणातलं पोतं पेर.' मग बेत बदलला, पोतं विकून तुम्ही खण रिकामा केला. चिठ्ठी त्याच्या खिशात तशीच. रात्री कुणीतरी त्या खणात आपलं पोतं आणून ठेवलं. सकाळी सालदार ते उचलतो अन् पेरतो. तोंड सोडून बघायचं कशाला? चिठ्ठी तर मालकाचीच!

संगणकाची मेमरी अशाच खणांची. प्रोग्राम काम झालं की खण मोकळा करतो, पण त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, कुठेतरी शिल्लक राहतो. चोर तोच खण आपल्या डेटाने भरतो. प्रोग्राम तो आपलाच समजून वाचतो आणि चोराचे हुकूम पाळू लागतो. या जातीच्या दोषाला 'यूज आफ्टर फ्री', म्हणजे मोकळं केल्यावरही वापर, म्हणतात.

सी आणि सी++ या भाषांत जुन्या चिठ्ठ्या फाडायचं काम प्रोग्रामरचं. लाखो ओळींत एखादी सुटणारच, त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. क्रोमच्या गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे असल्याचं गूगलने २०२० मध्ये सांगितलं. त्यातले निम्मे याच जातीचे. रस्ट भाषेत चिठ्ठी वापरात असेपर्यंत खण मोकळा करताच येत नाही. तसा प्रयत्न केला तर कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळींचा प्रोग्राम बनवणारं साधन, तो बनूच देत नाही.

ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशची देखभाल थांबवली. त्याआधी काही दिवस ती खिडकी 'फ्लॅश काढून टाका' म्हणत होती. पोराने तिच्यावरही फुलीच मारली.