फाइल-सूचीतील क्रमवारी

फोल्डरमधील फाइली नाव, आकार, प्रकार किंवा बदलाची तारीख यांनुसार मांडण्याची रीत. यादी आणि आयकॉन या दोन्ही दृश्यांत क्रम एकच असावा, अशी वापरणाऱ्याची साधी अपेक्षा असते. ती पुरी व्हायला मात्र यादी दाखवणारा जुना विजेट (पडद्यावरचा तयार घटक) बदलावा लागला. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्सवरील जीटीके या, खिडक्या, बटणे, याद्या अशा घटकांच्या लायब्ररीचा आणि देवनागरी नावांचा विचार केला आहे.

जीटीकेच्या १९९८ मधील पहिल्या स्थिर आवृत्तीत सीलिस्ट हा विजेट होता. नावातील ‘सी’ स्तंभवाचक असावा. निदान अनेक स्तंभांची यादी हेच त्याचे वर्णन दस्तऐवजांत आढळते. सीलिस्ट मजकूर स्वतःपाशी साठवी आणि क्रमही स्वतःच लावी. वेगळे काही सांगितले नाही तर तुलना एकेक अक्षर घेऊन होई, त्यामुळे आकाराच्या स्तंभात ‘१० केबी’ हे ‘९ केबी’च्या आधी येई. मार्च २००२ मधील जीटीके २.० मध्ये ट्रीव्ह्यू हा नवा विजेट आला आणि सीलिस्ट कालबाह्य ठरला. २०११ च्या जीटीके ३ मधून तो काढूनच टाकला. नॉटिलस या फाइल-व्यवस्थापकाची यादीही ग्नोम या डेस्कटॉपच्या २.० आवृत्तीच्या वेळी, जून २००२ मध्ये, ट्रीव्ह्यूवर गेली. या बदलाचे वर्णन बहुधा देखाव्याच्या अंगाने केले जाते. खरा फरक क्रमाच्या मालकीत पडला : तो विजेटकडून मॉडेलकडे, म्हणजे माहितीच्या साठ्याकडे गेला. फाइलींची तुलना करणारे फंक्शन एकच ठेवले की यादी व आयकॉन ही दृश्ये त्यालाच विचारतात. जीटीके ४ मध्ये (२०२०) क्रम लावणारा घटक आणखी सुटा झाला, पुढे ४.१० मध्ये (२०२३) खुद्द ट्रीव्ह्यूही कालबाह्य ठरवला गेला.

नावांची तुलना हा सर्वांत वादाचा भाग. युनिकोड या जागतिक संहितेत प्रत्येक अक्षराला संकेतांक, म्हणजे ठरलेला क्रमांक असतो. तीतील देवनागरीची मांडणी आयएससीआयआय या भारतीय मानक संहितेच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. ती संहिता ब्राह्मीजन्य लिपींना समाईक असल्याने तीत ळ हा ल च्या शेजारी बसतो. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो. पुण्यातील भागांच्या फाइली निव्वळ संकेतांकांनी लावल्यास कळस, कसबा, कोथरूड असा क्रम लागतो. मराठी रीतीने कसबा, कळस, कोथरूड. भाषावार नियमांच्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी ळ ह नंतरच घेतला आहे.

क्ष आणि ज्ञ यांबाबत एकमत नाही. संस्कृत कोशांची रीत – उदा., पुण्याचे वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा संस्कृत–इंग्रजी कोश – ‘क्षेत्र’ हा शब्द क मध्येच देते. संकेतांकांचा क्रमही तोच : ‘क्षेत्रपत्रक’ कोथरूडनंतर, पण खडकीच्या आधी. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत मात्र ही अक्षरे ळ च्याही मागे येतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पहिला पक्ष सरळ आहे. पण फाइल शोधणारा माणूस शाळेतलीच वर्णमाला घेऊन येतो, म्हणून दुसरा पक्ष अधिक सोयीचा वाटतो. अनुस्वाराचा प्रश्न त्यामानाने सुटलेला आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड ‘अंक’पासून सुरू होतो आणि संकेतांकही ‘अंक’ला ‘अकरा’च्या आधी ठेवतात.

ॲ चा घोटाळा नवा आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) आले, तोवर अ ला चंद्र जोडून काम भागवत. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही. संकेतांकांच्या क्रमात जुन्या पद्धतीने टंकलेली ‘अॅडव्हान्स पावती’ यादीच्या आरंभी सापडते, तर नव्या अक्षराची ‘ॲडव्हान्स पावती’ हडपसरच्याही खाली जाते.

अंकांसाठी जीलिब या, जीटीकेच्या पायाभूत लायब्ररीच्या २.८ आवृत्तीत (२००५) फाइलनावांची खास तुलना-किल्ली, म्हणजे नावावरून क्रमासाठी बनवलेली खूण आली. तिच्यामुळे ‘सर्व्हे नं.’पुढील नऊ हा दहाच्या आधी लागतो, मात्र आकडे इंग्रजी असले तरच. देवनागरी अंकांची संख्या म्हणून दखल ती घेत नाही, ‘सर्व्हे नं. १०’ हे ‘सर्व्हे नं. ९’च्या आधीच राहते. फाइलनावात तिरकी रेघ चालत नसल्याने ७/१२ चा उतारा ‘७-१२’ किंवा ‘सातबारा’ या नावाने ठेवावा लागतो, आणि या दोन नावांच्या जागाही यादीत वेगवेगळ्या. एकअंकी आकड्यापूर्वी शून्य घालण्याची (०९, १०) जुनी युक्ती मात्र दोन्ही प्रकारच्या अंकांत चालते.